डाइव्ह कॉम्प्युटर 'दोघांत एक' नकोच

तारकर्लीत प्रशिक्षकाच्या आधाराने केलेल्या उथळ डाइव्हला वेगळ्या कॉम्प्युटरची गरज पडत नाही. पण सर्टिफिकेट कोर्स करून अंदमानला जाणाऱ्या मित्रांनी मनगटावरचे हे यंत्र 'दोघांत एक' वापरणे धोक्याचे. घाईने वर आल्यास शरीरात मुरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. यंत्र तो नायट्रोजन मोजत नाही, खोली आणि वेळेवरून फक्त अंदाज बांधते. जोडीदार चार मीटर खाली गेला की त्याचा हिशेब वेगळा. दुपारी यंत्र बदलले, तर नव्याला सकाळच्या डाइव्हचा पत्ताच नसतो! भाड्याचे असेल तर रोज तेच मागा, बॅटरी आधी तपासा. नंतर गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, मीठ साचून बटणे अडकतात. शेवटच्या डाइव्हनंतर विमानाआधी किमान 18 तास जाऊ द्या, तिकीट कितीही स्वस्त मिळो.