मांड्यांना भार द्या

गुडघेदुखी घेऊन आलेल्या साठीपुढच्या रुग्णाला आपण जे व्यायामाचे पत्रक देतो, ते गावोगावच्या क्लिनिकांत जवळजवळ सारखेच असते. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबणे, पाय सरळ ठेवून उचलणे, घोटे वर-खाली करणे. प्रत्येकी दहा वेळा, दिवसातून तीनदा. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यांत किंवा गुडघा चांगलाच सुजलेला असताना हे पत्रक योग्यच आहे. आक्षेप पुढचा आहे. तीच बाई दोन वर्षांनी पुन्हा येते आणि पिशवीतून तेच पत्रक काढते, घड्यांवर फाटलेले. मधल्या काळात दहाचे अकरा झालेले नसतात, घोट्यावर अर्ध्या किलोचा वेट कफही चढलेला नसतो. "मी नेमाने करते हो व्यायाम," असे ती सांगते आणि ते अगदी खरे असते.

व्यायामशाळेत चित्र वेगळे दिसते, पण गोष्ट तीच. निवृत्त झालेले काका पहिल्यांदा जिममध्ये येतात. ट्रेनर त्यांना वीस मिनिटे ट्रेडमिलवर चालवतो, हातात दोन-दोन किलोचे डंबेल देतो, थोडे स्ट्रेचिंग करून घेतो आणि "काका, जपून" म्हणत स्क्वॉट रॅकपासून लांब ठेवतो. त्यामागची काळजी खरी आहे. पण वयस्क माणसाच्या पायांना आपण फार कमी भार देतो, आणि त्या कमी भाराची किंमत तो माणूस पुढची दहा-पंधरा वर्षे मोजत राहतो. या महिन्याचे संपादकीय त्यासाठीच आहे.

पन्नाशीनंतर स्नायू झिजू लागतात हे आपण सगळेच शिकलो. त्यातले दोन तपशील मात्र रोजच्या कामात निसटतात. पहिला असा की ही झीज सर्वांगात सारखी होत नाही. हातांपेक्षा पायांचे स्नायू जास्त जातात. दुसरा असा की स्नायूचे आकारमान जितक्या वेगाने घटते, त्याच्या दुपटी-तिपटीने ताकद घटते, आणि झटकन जोर लावण्याची क्षमता त्याहूनही आधी जाते, कारण जलद आकुंचन पावणारे तंतू सर्वांत अगोदर बारीक होतात. ठेच लागल्यावर पाऊल पुढे टाकून तोल सावरायला निमिषभराचा अवधी असतो. तेवढ्या वेळात मांडीने जोर लावला तर माणूस वाचतो, नाहीतर खुब्याचे हाड मोडते.

खुर्चीतून उठणे ही क्रिया घ्या. तरुण माणूस उठतो तेव्हा त्याच्या मांडीच्या कमाल ताकदीचा निम्म्याहून कमी भाग खर्ची पडतो. अशक्त झालेल्या वृद्धाला त्याच खुर्चीतून उठायला होती-नव्हती तेवढी सगळी ताकद लावावी लागते. शिल्लक काही उरत नाही. मग एखादे निमित्त पुरते. आपल्याकडे पावसाळ्यात डेंग्यू किंवा चिकुनगुन्याने ज्येष्ठ माणूस आठ-दहा दिवस अंथरुणाला खिळतो, ताप उतरतो, रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल येतात आणि तरी घरचे सांगतात, "तेव्हापासून आजोबा उठलेच नाहीत." २००७ साली अमेरिकेत धडधाकट ज्येष्ठ स्वयंसेवकांना फक्त दहा दिवस अंथरुणात ठेवून मोजमाप घेतले गेले. नुसत्या पायांतून सुमारे एक किलो स्नायू गेला होता. त्यांना कोणताही आजार नव्हता. आजारी माणसाचे काय होत असेल याचा अंदाज आपण बांधू शकतो. साठीत पाय कमावून ठेवायचे ते या दिवसांसाठी.

गेलेली ताकद परत येते का, हा प्रश्न रुग्ण विचारतात आणि आपल्यातले अनेक जण मोघम उत्तर देतात. उत्तर मोघम असायचे कारण नाही. मारिया फियाटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोस्टनमधल्या एका वृद्ध शुश्रूषागृहातल्या ८६ ते ९६ वयाच्या दहा जणांना आठ आठवडे मांडीचा व्यायाम दिला. वजन ठेवले होते प्रत्येकाच्या कमाल क्षमतेच्या ८० टक्के. नऊ जणांनी कार्यक्रम पूर्ण केला. त्यांची मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे पावणेतीन पट झाली, आणि एका रेषेत पावले टाकत चालण्याचा वेग ४८ टक्क्यांनी सुधारला. हे प्रसिद्ध झाले १९९० साली. चार वर्षांनी त्याच गटाने शंभर वृद्धांवर दहा आठवड्यांचा प्रयोग केला. तिथेही ताकद दुपटीच्या वर गेली. व्यायाम न देता नुसते पोषक पेय दिलेल्यांची दुर्बलता मात्र हटली नाही. प्रोटीन पावडरचा डबा दाखवून "हे दिले तर चालेल ना?" असे विचारणाऱ्या मुला-सुनांना हा निष्कर्ष अवश्य सांगावा.

आणखी एक प्रयोग अलीकडचा आणि आपल्या मुद्द्याला थेट भिडणारा आहे. कोपनहेगनमध्ये निवृत्तीच्या वयाच्या साडेचारशे निरोगी लोकांचे तीन गट केले. एकाने वर्षभर आठवड्यातून तीनदा जिममध्ये जड वजने उचलली, दुसऱ्याने तितकेच दिवस रबरी पट्ट्या आणि शरीराचे वजन वापरून मध्यम व्यायाम केला, तिसऱ्याने नेहमीचे जगणे चालू ठेवले. वर्षानंतर देखरेख थांबली. सुरुवातीपासून चार वर्षांनी पुन्हा मोजले तेव्हा जड वजने उचलणाऱ्यांच्या पायांची ताकद पहिल्या दिवशी होती तेवढी टिकलेली होती. पट्ट्यावाल्या गटाची घटली होती. हा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. थेराबँडचे रंगीत गुंडाळे प्रत्येक क्लिनिकात लटकलेले असतात, त्यांचा उपयोगही आहे. पण पिवळ्या पट्टीवर सुरू झालेला रुग्ण सहा महिन्यांनीही पिवळ्या पट्टीवरच असेल तर त्याला आपण ताकदीचा व्यायाम देत आहोत असे म्हणता येणार नाही.

"आम्ही रोज चालतो की!" हे वाक्य आपण दिवसातून चार वेळा ऐकतो. चालणे उत्तमच आहे. हृदयाला, रक्तदाबाला, साखरेला, मनाला त्याचा फायदा होतो आणि ते कोणीही सोडू नये. आषाढीला आळंदीहून पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर चालत जाणारी सत्तरीची माउली पाहिली की दम कशाला म्हणतात ते कळते. मात्र सपाट रस्त्यावर चालताना मांडीच्या स्नायूवर येणारा भार त्याच्या क्षमतेच्या मानाने थोडा असतो. त्याने दमश्वास वाढतो, ताकद फारशी वाढत नाही. रोज सकाळी पाच किलोमीटर चालणारे गृहस्थ जमिनीवर बसले की उठताना सोफ्याचा हात शोधतात, हे दृश्य आपल्याला नवे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींतही चालण्यासारख्या व्यायामाखेरीज आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम वेगळा सांगितला आहे, आणि ज्येष्ठांसाठी तोल व ताकदीचा मिळून व्यायाम तीन दिवस.

घरांचाही विचार करायला हवा. पाटावरची पंगत गेली, विळी गेली, भारतीय बैठकीच्या संडासाच्या जागी कमोड आला. यातल्या बऱ्याच बदलांनी बायकांचे कष्ट वाचवले, तेव्हा जुन्याचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण दिवसातून दहा-वीस वेळा पूर्ण खाली बसून उठण्याचा व्यायाम त्याबरोबर आपसूक गेला आणि त्याची भरपाई कोणी केली नाही. ब्राझीलमधले क्रीडावैद्यक क्लॉडिओ जिल आराउजो यांनी जमिनीवर बसून उठण्याची चाचणी बसवली. बसण्याचे पाच गुण, उठण्याचे पाच. हात किंवा गुडघा टेकला की एक गुण वजा, तोल गेला की अर्धा. ५१ ते ८० वयाच्या दोन हजार लोकांचा त्यांनी पाठपुरावा केला तेव्हा कमी गुण मिळालेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण ठळकपणे जास्त आढळले. पाय कमजोर म्हणून माणूस दगावतो, असे यावरून सिद्ध होत नाही. तरी त्या एका हालचालीत ताकद, तोल, सांध्यांची लवचीकता आणि शरीराचे वजन या सगळ्यांचा हिशेब एकदम दिसतो, एवढे नक्की.

आणि इथे आपलाच एक सल्ला तपासायला हवा. "मांडी घालू नका, खाली बसू नका, जिना टाळा." दुखणे भडकलेले असताना काही आठवड्यांसाठी हा सल्ला ठीक. सांधा बदललेला असेल तर शल्यचिकित्सकाने घातलेली बंधने पाळायचीच. पण साध्या झिजेच्या गुडघ्याला ही आजन्म बंदी घातली की रुग्ण पथ्य म्हणून पाय वापरायचेच सोडतो. मांडी वाळते, गुडघ्याचा आधार जातो, दुखणे वाढते आणि मग आपण आणखी एक गोष्ट बंद करायला सांगतो. गुडघ्याच्या झिजेवर व्यायाम हा पहिल्या फळीचा उपचार आहे याबद्दल आज जगभरच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये दुमत नाही. बंदी घालताना ती कधी उठणार याची तारीख त्याच कागदावर लिहायला हवी.

पायांचा व्यायाम आपल्याला कोणी बाहेरून शिकवावा अशी परिस्थिती नाही. कोल्हापूरच्या तालमींत जोर-बैठका हा रोजचा पाया आहे. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आणि पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ पासून शारीरिक शिक्षणाचे काम करत आले आहे. मात्र तालमीची सवय बैठका मोजण्याची आहे. पाचशे, हजार. विशीतल्या पैलवानाच्या दमाला ते योग्य आहे. सत्तरीच्या बाईला पाचशेचा काहीच उपयोग नाही. तिला अशा सहा-आठ बैठका हव्यात, ज्यांतल्या शेवटच्या दोन खरोखर जड जातील. जड म्हणजे किती किलो, हे तिच्या मांडीने ठरवायचे. हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठणे हेच तिच्या कमाल ताकदीच्या जवळ असेल, तर तिच्यासाठी तोच पूर्ण भाराचा स्क्वॉट आहे. बारबेल पाहून घाबरणाऱ्या नातेवाइकांना हे नीट समजावून सांगितले की निम्मी भीती जाते.

सुरुवात खुर्चीपासूनच करावी. साधारण १७ इंच उंचीची, हात नसलेली, भिंतीला टेकवलेली. आधी नुसते पाहा. बहुतेकांचे लक्ष रुग्ण उठतो कसा याकडे असते. बसतो कसा हे जास्त बोलके आहे. शेवटचे चार-पाच इंच तो स्वतःला सोडून देतो आणि धपकन बसतो. त्या टप्प्यात स्नायूने लांब होत होत भार पेलायचा असतो, आणि जिना उतरतानाही तेच लागते. उठता येत नसेल तर बैठकीवर घडी घातलेल्या दोन चादरी ठेवून उंची वाढवा. हात छातीवर, उठताना श्वास सोडत चटकन, बसताना तीन आकडे मोजत सावकाश. तीन फेऱ्या, मध्ये दोन मिनिटे विश्रांती, आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा, एक दिवस आड. दहा वेळा सहज जमू लागले की एक चादर काढा. दोन्ही निघाल्या की नातवाच्या दप्तरात पाच किलो तांदूळ भरून छातीशी धरायला द्या. पुढे जिन्याची पायरी चढणे-उतरणे, ओट्याला धरून टाचा उचलणे, आधी दोन्ही पायांवर, मग एकावर. ज्यांच्याकडे यंत्रे आहेत त्यांनी लेग प्रेस, गॉब्लेट स्क्वॉट, डेडलिफ्ट इथपर्यंत न्यावे. ऑस्ट्रेलियात हाडे ठिसूळ होऊ लागलेल्या, पाळी गेलेल्या स्त्रियांना देखरेखीखाली आठ महिने जड डेडलिफ्ट आणि स्क्वॉट दिले तेव्हा त्यांच्या मणक्याची हाडघनता वाढली. पण त्यातला "देखरेखीखाली" हा शब्द कोणी गाळू नये. पत्रक हातात देऊन हे काम होत नाही.

काळजी कुठे घ्यायची हे या अंकाच्या वाचकांना सविस्तर सांगण्याची गरज नाही. आटोक्यात नसलेला रक्तदाब, अस्थिर हृदयविकार, डोळ्याच्या पडद्याची नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल तर आधी त्या त्या डॉक्टरांशी बोलावे. व्यायामाच्या वेळी गुडघा थोडा दुखला आणि दुसऱ्या सकाळपर्यंत शांत झाला तर भार तोच ठेवावा. सकाळी सूज किंवा जास्त दुखणे दिसले तर एक पायरी खाली यावे. थांबू नये.

आपल्यापैकी बहुतेकांकडे रुग्णाला द्यायला वीसच मिनिटे असतात, आणि त्यातली पंधरा मिनिटे यंत्राच्या शेकात जातात. रुग्णालाही शेक आवडतो. तरीही त्या वीस मिनिटांतली दहा मिनिटे खुर्चीला द्या, असे आग्रहाने सांगावेसे वाटते. या महिन्यापासून साठीपुढच्या प्रत्येक माणसाच्या केसपेपरवर, तो मानदुखीसाठी आलेला असला तरी, एक आकडा लिहा: हात न टेकता तीस सेकंदांत तो किती वेळा उठला. अमेरिकेतल्या प्रमाणांनुसार सत्तर ते चौऱ्याहत्तर वयाच्या स्त्रीला दहा आणि पुरुषाला बारा यांहून कमी जमले तर ते सरासरीखाली समजतात. आपल्याकडच्या माणसांचे आकडे आपणच जमवायला हवेत. तीन महिन्यांनी तीच चाचणी पुन्हा घ्या, मधल्या काळात भार किती वाढवला तेही शेजारी लिहा, आणि रुग्णाचे नाव वगळून ही नोंद आमच्याकडे पाठवा. छोट्या गावातल्या एकट्या प्रॅक्टिशनरची दहा रुग्णांची नोंदही आम्ही छापू.