आधी दोरी, मग बेल्ट

जुन्या प्रीमियर पद्मिनीचा डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवला की मालक खूश: सिग्नलला उभं असतानाही बॅटरी चार्ज होते, हेडलाइट मलूल पडत नाहीत. मग तो दुकानात ‘पद्मिनीचा फॅन बेल्ट’ मागतो आणि दुकानदार डायनॅमोच्या मापाचा काढून देतो; त्या बिचाऱ्याचं काय चुकलं? अल्टरनेटर अंगाने आखूड नि जाड, पुली बहुधा लहान, ब्रॅकेट नवं. तेव्हा गाडीचं नाव विसरा. क्रँक, पंप आणि अल्टरनेटर यांच्या पुल्या एका रेषेत आहेत ना, ते आधी सरळ पट्टी लावून बघा, नाहीतर कुठलाही बेल्ट कडेने कुरतडला जाणार. मग अल्टरनेटर इंजिनाकडे झुकवून, ताणायला जागा राखून, न ताणणारी दोरी पुल्यांभोवती फिरवा आणि मोजा. खरा घोळ पुढे, आकड्यांचा. ‘10×925’ म्हणजे 10 मिलिमीटर रुंद, 925 लांब. ‘ए 36’ म्हणजे मात्र आतून 36 इंच, बाहेरून जवळपास दोन इंच जास्त, आणि रुंदी 13 मिलिमीटर. अरुंद बेल्ट खाचेच्या तळाला टेकला की घसरलाच. किंचाळतो म्हणून तारेसारखा ताणणारे मेस्त्री मला मंजूर नाहीत, त्याने पंपाचं बेअरिंग जातं. लांब बाजूला अंगठ्याने दाबून साधारण अर्धा इंच दबला की पुरे. जमलेल्या बेल्टचा नंबर बॉनेटच्या आत रंगाने लिहून ठेवा आणि तसाच आणखी एक डिकीत टाका.