पायी चालणाऱ्यासाठी वेग हाच घातक

डिसेंबर २०२४ मध्ये वाघोलीत केसनंद फाट्याजवळ मद्यधुंद चालकाचा डंपर फुटपाथवर झोपलेल्या मजूर कुटुंबांवर चढला. दोन चिमुकल्यांसह तिघांचा जीव गेला. हाच रस्ता पुढे शिरूरकडे येतो. दौंड तालुक्यातही यवत, पाटस, कुरकुंभला लोक बाजार, शाळा, एसटीसाठी महामार्ग पायी ओलांडतात.

अशा वेळी चर्चा फक्त दारूची होते. पण शुद्धीतल्या चालकाचा वेगही तितकाच घात करतो. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. ताशी ६० किलोमीटर वेगात ब्रेकवर पाय पडेपर्यंतच्या एका सेकंदात गाडी सुमारे १७ मीटर पुढे गेलेली असते. वेग ५० वरून ६५ झाला, तर पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका साडेचार पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

मेंदूतला रक्तस्राव बाहेरून दिसत नाही आणि जखमीला पुण्याला हलवेपर्यंत मोलाचा वेळ जातो. म्हणून उपचार रुग्णालयाआधी रस्त्यावर सुरू व्हायला हवा: वस्तीजवळ गतिरोधक, ठळक झेब्रा पट्टे, रात्री उजेड. आणि अपघात झालाच, तर जखमीची मान न हलवता १०८ ला फोन करा. मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे.