मेलॅनिनचा गुन्हा काय?

लग्नाच्या बायोडाटात जन्मतारीख, उंची, रक्तगट, शिक्षण यांच्या रांगेत ‘वर्ण’ नावाचा एक रकाना असतो. त्यात ‘काळा’ असं कोणी लिहीत नाही. सावळ्या मुलीचे आईवडील ‘गव्हाळ’ लिहितात, गव्हाळ मुलीचे ‘निमगोरी’ लिहितात आणि राहिलेलं काम फोटोवाला करतो. पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या, स्वतःच्या पायावर उभ्या असलेल्या मुलींच्या घरी हे चालतं. पाहुणे पोहे खाऊन जातात आणि दोन दिवसांनी मध्यस्थ सांगतो, “मुलगी चांगलीच आहे हो, पण रंगाने जरा डावी आहे.”

ज्या द्रव्यापायी हा नकार येतो त्याचं नाव मेलॅनिन. त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी रंगपेशी असतात. टायरोसिन या अमिनो आम्लापासून, टायरोसिनेज या विकराच्या मदतीने त्या मेलॅनिन तयार करतात आणि त्याचे सूक्ष्म कण शेजारच्या पेशींना पुरवतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर हे कण त्या पेशींच्या केंद्रकावर, नेमके उन्हाच्या बाजूला, छत्रीसारखे जमलेले दिसतात. केंद्रकात आपला डीएनए असतो आणि अतिनील किरणांपासून त्याला जपणं हे या कणांचं काम. गोऱ्या आणि काळ्या माणसाच्या त्वचेतल्या रंगपेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक असतो तो कणांच्या आकारात, संख्येत आणि मेलॅनिनच्या प्रकारात.

गरोदर सुनेला केशराचं दूध पाजून गोऱ्या नातवाची वाट पाहणाऱ्या घरांनी तर पुढची गोष्ट नीट ऐकावी. नीना जॅब्लॉन्स्की आणि जॉर्ज चॅप्लिन या संशोधकांनी २००० साली मांडलं की, प्रखर उन्हाच्या प्रदेशांत माणसाची त्वचा गडद राहिली त्यामागे फोलेट हे जीवनसत्त्व वाचवण्याची गरज होती. अतिनील किरणांनी फोलेट नष्ट होतं आणि गर्भाचा मेंदू व मज्जारज्जू नीट घडायला तेच लागतं. जिथे ऊन कमी, तिथे ‘ड’ जीवनसत्त्व मिळावं म्हणून त्वचा उजळत गेली. दोन्ही रंग म्हणजे उन्हाशी जमवून घेणं, यात वरचा-खालचा कोणी नाही.

२००५ मध्ये झेब्राफिश या छोट्या माशावर काम करताना शास्त्रज्ञांना एसएलसी२४ए५ हे जनुक सापडलं. त्यातल्या डीएनएच्या एका अक्षराच्या बदलाने माणसाची त्वचा उजळते. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये दाखवलं की, भारतीयांमधला आणि युरोपीयांमधला हा बदल एकाच मुळातून आलेला आहे. कोट्यवधी अक्षरांतलं एक अक्षर! त्यावरून आपण कूळ, संस्कार आणि स्वभाव ताडतो, सावळ्या मुलीच्या बापाकडून दोन तोळे जास्तीचे मागतो.

आता दुसरं घर पाहा. तिथल्या मुलीच्या हातावर कोडाचे डाग आहेत. कोड म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीने रंगपेशींवर केलेला हल्ला. तो स्पर्शाने पसरत नाही, कुष्ठरोगाशी त्याचा काही संबंध नाही, आणि गेल्या जन्मीच्या पापाशी तर नाहीच नाही. तरी तिलाही नकार, तिच्या धाकट्या बहिणीलाही नकार. मेलॅनिन जास्त म्हणून एक नापसंत आणि ते नाहीसं झालं म्हणून दुसरी नापसंत. म्हणजे ‘आवडीनिवडीचा प्रश्न आहे’ ही आपली सबब खोटी आहे. बाईच्या कातडीवरून तिचा भाव ठरवण्याचा हक्क आपल्याला सोडायचा नाही, हे खरं कारण आहे.

बाजाराने गोरेपणाच्या हव्यासाचा हा रोग ओळखला. फेअर अँड लव्हली ही गोरेपणाची क्रीम १९७५ मध्ये आली आणि २०२० मध्ये तिच्या नावातला ‘फेअर’ गेला, पण मागणी करणारं मन तेच राहिलं. मेडिकलच्या दुकानातून चिठ्ठीविना घेतलेल्या स्टेरॉइडच्या ट्यूबने चेहरा आधी उजळतो. मग त्वचा पातळ होते, लालबुंद शिरा दिसू लागतात, पुरळ उठतं, लव वाढते, आणि मलम थांबवलं की आग होते. काही क्रीममध्ये पारा असतो आणि तो मूत्रपिंड निकामी करू शकतो. बाह्य वापराची अनेक स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम २०१८ पासून आहे. नियम मोडणारा दुकानदार दोषी आहेच, पण “उन्हात खेळू नकोस, काळी पडशील” असं सहा वर्षांच्या पोरीला सांगणारं घर त्याच्याआधी दोषी आहे.

अडाणीपणाची ढाल इथे चालणार नाही. त्वचेची रचना आपण शाळेत शिकलो, परीक्षेत लिहिली आणि मार्क घेतले. घरी येऊन मात्र आजीच्याच डोळ्यांनी नातीकडे पाहिलं. वधू-वर सूचक मंडळांनी ‘वर्ण’ हा रकाना आजच काढून टाकावा. मुलीच्या आईवडिलांनी तो भरू नये. मुलांनी, आणि हे काम मुख्यतः मुलांचंच आहे, आपल्या घरच्यांना स्वच्छ सांगावं की रंगावरून आलेला नकार माझ्या नावाने पाठवायचा नाही. हे सांगण्याचं धैर्य ज्याच्यात नाही, त्याने स्वतःला सुशिक्षित म्हणवून घेऊ नये.