शनिवार तेली आणि संगणकाचा घाणा

कोकणातल्या बेने इस्राएली ज्यूंना शेजाऱ्यांनी दिलेले नाव होते 'शनिवार तेली'. आजच्या रायगड जिल्ह्यातील गावांतून ही मराठी बोलणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळीत. शनिवारी मात्र त्यांचा घाणा थांबे. सोमवार पाळणारे हिंदू तेली म्हणजे 'सोमवार तेली'. आपल्याकडे समूहांची नावे बहुधा कामावरून पडतात. या नावाचा अर्धा भाग मात्र काम न करण्यावरून पडला आहे.

गेल्या पोळ्याला हे नाव मला प्रकर्षाने आठवले. तेल्हाऱ्याची मुले आता पुण्याला, हिंजवडीला संगणकाच्या नोकरीत जातात. असाच एक माजी विद्यार्थी सणाला घरी आला होता. अंगणात बैलांना झुली चढत होत्या आणि हा ओसरीवर लॅपटॉप उघडून बसलेला. "सर, सुटी बैलाले आहे, मले नाही," तो हसत म्हणाला. रजा मंजूर होती. तरी फोन आला की काम हजर.

ज्यूंच्या शब्बाथाचा विचार इथे उपयोगी पडतो, तो धर्माचरण म्हणून नव्हे, विश्रांतीची मीमांसा म्हणून. 'मिश्ना' या प्राचीन संहितेत शब्बाथाला वर्ज्य अशी ३९ प्रकारची कामे सांगितली आहेत. त्यांत नांगरणी, पेरणी, मळणी आहे; तसेच लिहिणे आणि पुसणेही आहे. संगणकावरचे काम तरी शेवटी लिहिणे आणि पुसणे याहून वेगळे काय आहे? अब्राहम जोशुआ हेशेल या चिंतकाने १९५१ साली 'द सॅबथ' या ग्रंथात मांडलेला मुद्दा तर आजच्या कार्यालयांना थेट लागू पडतो. सुटी ही सोमवारी अधिक जोमाने राबण्याची तयारी नव्हे; आठवड्याचे सहा दिवसच त्या एका दिवसासाठी असतात. कर्मचाऱ्याला 'ताजेतवाने' करू पाहणारे व्यवस्थापन नेमके याच्या उलट बोलते.

त्याहून महत्त्वाचे असे की ही आज्ञा एकट्या मालकासाठी नाही. तिच्यात दास-दासी आहेत, परका आहे, जनावरही आहे. म्हणजे शनिवार तेल्याच्या घाण्याचा बैलही त्या दिवशी सुटा. आपली रजा वैयक्तिक असते. एक उठला की त्याच्या जागी दुसरा जुंपला जातो. म्हणूनच ती विश्रांती ठरत नाही. भारतातील गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे यांनी ती सर्वांसाठी मागितली म्हणून.

सर्व्हर बंद कसा ठेवणार, असा आक्षेप येईल. ज्यू परंपरेने त्याचेही उत्तर देऊन ठेवले आहे: जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ मोडावा, नव्हे मोडलाच पाहिजे. तेव्हा इस्पितळाची यंत्रणा कोलमडली तर ओसरीवरून उठावेच. पण विक्रीच्या सवलतीचे पान उघडत नाही, हा जीवनमरणाचा प्रश्न नव्हे. हा विवेक करण्याचा अधिकार राबणाऱ्याला असावा, एवढीच मागणी आहे.

शनिवार तेल्यांना गाव त्यांच्या थांबण्यावरून ओळखत होते. आमच्या मुलांचे थांबणे मात्र अजून कोणाच्याच ओळखीचे नाही. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवायचे नसते, हे वऱ्हाडात लहान पोरालाही सांगावे लागत नाही.