धूर कुठे उतरतो?

पावसाळ्यात लाल पाण्याने फुगलेला ओढा नीरेला मिळतो, ती जागा भोरकडच्या बहुतेकांनी पाहिलेली असेल. ओढ्याला जोर असेल तर त्याचे पाणी पात्राच्या मध्यापर्यंत घुसते आणि मग नदीबरोबर वळते. जोर कमी असेल तर लाल पट्टा काठालाच चिकटून दूरवर जातो. नदीच्या जागी वारा आणि ओढ्याच्या जागी चुलीचा धूर ठेवा. भोर आणि वेल्ह्यातल्या (आता राजगड तालुका म्हणायचे) घरांतील खोकल्याचे एक कारण हाती लागते.

आडव्या प्रवाहात शिरणाऱ्या झोताचे काय होते, हा अभियंत्यांचा जुना विषय आहे. कारखान्याच्या चिमणीपासून विमानाच्या इंजिनापर्यंत तो सगळीकडे भेटतो. बरेचसे ठरते ते झोताचा वेग वाऱ्याच्या किती पट आहे यावर. जोरदार झोत वर चढून वाकतो आणि वाकताना त्यात एकमेकांच्या उलट फिरणारे दोन भोवरे तयार होतात. हे भोवरे आजूबाजूची स्वच्छ हवा आत ओढतात. त्यामुळे असा धूर शांत हवेतल्या धुरापेक्षाही लवकर विरळ होतो. म्हणजे वारा मुळात शत्रू नाही. पण धुराचा वेग वाऱ्याच्या साधारण दीडपटीहून कमी पडला, की नळीमागच्या कमी दाबाच्या जागेत तो खाली खेचला जातो.

चुलीच्या धुराड्यातून धूर निघतो तो सेकंदाला जेमतेम एक-दीड मीटर वेगाने. डोंगरउतारावरचा साधा वाराही त्याच्या दुप्पट असतो. म्हणजे चुलीचा झोत जवळजवळ नेहमीच हरणारा. त्यात धुराडे आढ्याच्या खाली, वळचणीपाशी संपलेले असेल तर छपराच्या आडोशाला फिरणारी हवा तोच धूर कौलांच्या फटींतून आणि मागच्या दारातून परत घरात आणते. बाई चुलीपुढून उठून अंगणात आली तरी धूर तिला सोडत नाही. पाऊस आत येऊ नये म्हणून टोकावर घट्ट बसवलेली पत्र्याची टोपी तर उरलासुरला वेगही मारते. या भागात पडणारा पाऊस पाहता टोपी नकोच, असे सांगणे शहाणपणाचे नाही. टोपी नळीच्या तोंडापासून पुरेशी उंच ठेवली, किंवा टोकाभोवती जरा रुंद, दोन्ही बाजूंनी उघडी नळी बसवून पाणी फटीतून बाहेर सोडले, तर दोन्ही साधते.

हे काम क्षुल्लक नाही. विडी-सिगारेटला कधीही न शिवलेल्या माणसांनाही फुप्फुसांचा दीर्घकालीन अडथळ्याचा आजार होतो आणि लाकूड-शेणीचा धूर हे त्याचे मोठे कारण आहे, हे पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये ठळकपणे मांडले. त्यानंतर २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, गॅस घरोघर पोचू लागला. तरीही आंघोळीचे पाणी, भाकऱ्या आणि गुरांचे आंबोण यासाठी परड्यातली चूल पेटतेच. सिलिंडर पुरवून वापरायचा असतो आणि सरपण रानातून फुकट येते. यात दोष देण्यासारखे काही नाही. पण चूल राहणारच असेल तर तिच्या धुराची सोय करायला हवी.

डिझेल जनरेटरसाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाचे सूत्र आहे. २५ केव्हीएच्या संचाची धूरनळी इमारतीपेक्षा निदान एक मीटर उंच हवी. रोज पेटणाऱ्या चुलीबाबत इतका आग्रह कुणी धरत नाही. पंतप्रधान आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलात किमान २५ चौरस मीटर क्षेत्रात स्वच्छ स्वयंपाकाची जागा धरलेली आहे, पण तिथला धूर छपराच्या वर जातो की वळचणीला, हे कोण पाहते? गवंड्याला नळीचे आणखी चार-पाच फूट म्हणजे फार खर्च नव्हे. छपराच्या सर्वांत उंच भागापेक्षा धुराडे निदान तीन फूट वर जावे, एवढी एक ओळ नकाशात घालता येईल. बांधकामाच्या टप्प्यांवर घरकुलाचे फोटो काढले जातातच. शेवटच्या फोटोत धुराड्याचे टोकही दिसले पाहिजे, अशी अट भोर आणि राजगड पंचायत समित्यांनी यंदाच्या घरकुलांपासून घालावी.