पाहुणा नक्की कोणाचा?

वीस फूट लांब, दहा फूट रुंद, चार फूट खोल. मुळशी, मावळ, कर्जत पट्ट्यातल्या भाड्याच्या बंगल्यांच्या जाहिरातीत ‘प्रायव्हेट पूल’ म्हणून जो निळा हौद दिसतो, त्याचे हे बेताचे माप. तो एकदा काठोकाठ भरायला साडेबावीस हजार लिटरांहून थोडे जास्तच पाणी लागते. जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणसाला दिवसाला 55 लिटर पाणी मिळावे असे ठरवले आहे. म्हणजे या एका हौदात चारशे वस्तीच्या वाडीचे एका दिवसाचे पाणी मावते. हौद काही रोज भरत नाहीत, तेच पाणी गाळून पुन्हा वापरतात, हे मान्य. पण उन्हात ते आटते, गाळणी धुताना वाहून जाते, आणि ही तूट नेमकी एप्रिल-मेमध्ये, म्हणजे वाडीतल्या विहिरीने तळ दाखवला की, भरून काढावी लागते. त्यासाठी टँकर ज्या विहिरीवर भरतो ती विहीर कोणा एकाच्या सातबारावर असेल. तिच्या बुडाशी येणारे झरे मात्र सातबारा वाचून येत नाहीत.

मुद्दा फक्त पाण्याचा असता तर तो पाणीपुरवठा खात्यावर सोपवून मोकळे होता आले असते. प्रश्न असा आहे की शनिवार-रविवारच्या या सहलीत जे विकले जाते, त्यातले बंगलेवाल्याचे किती आणि गावाचे किती? खोली, गादी, हौद, कोळशाची शेगडी हे त्याचे. पण गादीसाठी कोणी पुण्याहून दोन तास गाडी चालवत नाही. गादी पिंपरीतही मिळते. लोक पैसे मोजतात ते डोंगरावर उतरलेल्या धुक्यासाठी, दोन्ही बाजूंना खाचरे असलेल्या रस्त्यासाठी, ओढ्यासाठी, दिव्यांनी न विटाळलेल्या रात्रीसाठी. यातली एकही गोष्ट बंगलेवाल्याच्या गुंठ्यांत बसत नाही. ती गावाने राखली, निदान घालवली नाही, म्हणून शिल्लक आहे. तरी तिची किंमत जमा होते बंगल्याच्या मालकाकडे आणि बुकिंग करून देणाऱ्या मोबाइल ॲपकडे. गावाच्या वाट्याला येते ती वाहतूक कोंडी, रात्री दोनपर्यंत डीजे आणि सोमवारी सकाळी ओढ्याला लागलेले डायपर. म्हणून माझे म्हणणे असे की शनिवारी येणारा माणूस बंगल्याचा गिऱ्हाईक असला तरी आधी गावाचा पाहुणा आहे. असे पाहुणे किती यावेत आणि त्यांच्या येण्यातून गावाला काय मिळावे, हे ग्रामसभेने ठरवायला हवे.

मुळशीइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. 1921 मध्ये इथल्या शेतकऱ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती बापट’ झाले ते याच लढ्यात. शेतकरी हरले. भाताची खाचरे पाण्याखाली गेली, आणि ते पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात सोडून मुंबईला वीज मिळाली. शंभर वर्षांनी त्याच जलाशयाचे नाव ‘लेक व्ह्यू’ झाले आहे. पणजोबांची जमीन ज्या पाण्यात गेली, त्या पाण्याकडे तोंड असलेल्या खोलीचे भाडे जास्त आणि मागच्या खोलीचे कमी. पुढची खोली आणि मागची खोली यांच्या भाड्यातला हा फरक हाच खरे तर त्या तळ्याचा बाजारभाव. बिछाना तोच, चहा तोच. जास्तीचे पैसे निव्वळ तळ्याचे. ज्यांच्या जमिनींवर ते तळे उभे आहे त्यांच्या नातवंडांना त्यातला एक रुपयाही हिशेबाने मिळत नाही. मिळते ती बक्षिशी, तीही पाहुणे खूश असतील तर.

आता जुलैतला शनिवार पाहा. पावसाळी सहलीचा आणि भातलावणीचा हंगाम एकच. मावळपट्टीत उन्हाळ्यात राब भाजतात, पहिल्या पावसात त्यावर भात पेरतात आणि तीनेक आठवड्यांत रोप हाताला आले की चिखलणी करून लावणी उरकायची. एकदा रोप उपटून मुठी बांधल्या की त्या ठेवून देता येत नाहीत. बांधाला मुठींचा ढीग, त्यावर पाऊस, डोक्यावर इरले किंवा प्लास्टिकचा कागद घेतलेल्या बाया पलीकडच्या खाचरात जायला रस्त्याकडेला उभ्या, आणि मधून धबधब्याकडे निघालेली गाड्यांची रांग, जागची न हलणारी. रस्ता जेमतेम एक एसटी जाईल एवढा. समोरून दुसरी गाडी आली की कोणीतरी खाचरात चाक उतरवतो, बांध फुटतो आणि खाचरातले पाणी निघून जाते. काच खाली करून फोटो काढणाऱ्याला बांध फुटला हे कळतही नाही. त्याला वाटते, चिखल तर आहे. पूर्वी लावणी इर्जिकीने व्हायची, आज तुझ्याकडे तर उद्या माझ्याकडे. पण कणसाच्या गाडीवर आणि पार्किंगच्या पावत्या फाडण्यात रोख पैसा मिळत असताना शनिवारी इर्जिकीला कोण येणार? पोरांना दोष द्यावा असे त्यात काही नाही. एवढेच की सहलीचा हा खर्च शेतावर पडतो आणि तो कुठल्याच बिलात लिहिला जात नाही.

सरकारला या गर्दीचे दोनच इलाज माहीत आहेत, एक तर सगळे मोकळे सोडणे, नाहीतर सगळे बंद करणे. 30 जून 2024 रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. 15 जून 2025 रोजी कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दी असताना कोसळला आणि चौघांचा जीव गेला. दोन्ही दिवस रविवार होते. दर वेळी प्रतिबंधात्मक आदेश निघतात, पाट्या लागतात, पोलिसांची गाडी उभी राहते. तो आदेश मुंबईच्या गाडीला जसा लागू, तसा ओढ्यापलीकडे गुरे नेणाऱ्या धनगरालाही. कुंडमळ्याचा पूल सहलीसाठी नव्हता, तो गावाच्या ये-जा करण्याचा होता; गर्दीने त्याचे प्रेक्षणीय स्थळ केले. आणि माणूस पाण्यात गेला की रात्री टॉर्च घेऊन उतरतात ती स्थानिक मुले. लोणावळ्याची ‘शिवदुर्ग मित्र’सारखी स्वयंसेवी पथके हे काम वर्षानुवर्षे करत आली आहेत. बंगल्याच्या भाड्यात त्यांच्या दोराचेही पैसे धरलेले नसतात.

यावर पहिले उत्तर ठरलेले असते: शेतकऱ्याने जमीन राजीखुशीने विकली, पैसे घेतले, गुंठामंत्री होऊन गाडी उडवली, आता तक्रार कसली? विकली हे खरे. पण त्याने विकली ती माती. वहिवाटीची वाट, ओढ्याचा प्रवाह, गुरांचा पाणवठा विकायचा त्याला अधिकारच नव्हता. तारेचे कुंपण मात्र या सगळ्यांवरून सरसकट फिरते. मग वाट उघडून मागायला शेजारी तहसीलदाराकडे जातो. 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाचे कलम 5 त्यासाठीच आहे, पण तारखा घेणाऱ्याचे खाडे पडतात आणि कुंपणवाल्याचा वकील येतो. शिवाय राजीखुशीची भाषा करणाऱ्यांनी कायदाही पाहावा. 1948 च्या कूळकायद्याप्रमाणे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. तुकडेबंदी आहे म्हणून एका सातबारावर डझनभर अनोळखी नावे सामायिकात चढतात. आणि महसूल कायद्यातले शेतघर म्हणजे अवजारे, खत, चारा, धान्य, गुरे ठेवायची आणि शेतकऱ्याच्या कुटुंबाने किंवा गड्यांनी राहायची इमारत. दोन दिवसांच्या या शेतकऱ्यांपैकी किती जणांच्या शेतघरात वखर सापडेल, हा प्रश्न तलाठ्याला विचारून पाहण्यासारखा आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. शहरातली माणसे काय फक्त बंगलेवाली आहेत? दोन खोल्यांत सहा जण राहणारे कुटुंब वर्षातून एकदा धबधबा बघायला निघते. त्यांच्यावर कर बसवून त्यांनाही घरी बसवायचे का? मुळीच नाही. या राज्यात रविवारची सुट्टी आपसूक मिळालेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना संघटित करून ती लढून घेतली, ती 10 जून 1890 पासून मिळू लागली. कष्टकऱ्याला एक दिवस मोकळी हवा मिळावी हे त्या मागणीत होतेच. म्हणूनच आकारणी डोक्यावर नको, खोलीवर आणि गाडीवर हवी. एसटीने येऊन डबा खाऊन जाणाऱ्याकडून काही घेऊ नये. ज्याने रात्रीची खोली घेतली आहे, हौद घेतला आहे, त्याच्या भाड्यातून गावाचा हिस्सा आधी निघावा. रात्रीच्या भाड्यात एका पिझ्झाएवढी भर पडली म्हणून कोणी सहल रद्द केल्याचे ऐकिवात नाही.

रोजगाराचे काय? तो मिळतो, आणि तो नाकारणे ढोंगीपणाचे होईल. पण कसला रोजगार तेही बोलले पाहिजे. केअरटेकर म्हणून नवरा-बायको मागच्या एका खोलीत राहतात, पाहुण्यांच्या वेळेला जागतात, त्यांच्या मुलांनी हौदाजवळ यायचे नसते. शेतकऱ्याचा गडी झाला. याउलट अकोले तालुक्यातल्या पुरुषवाडीत काजव्यांच्या दिवसांत पाहुणे येतात ते गावातल्या घरांत जेवतात, आणि कोणाकडे कधी याची पाळी लावलेली असते. तिथे यजमान गाव आहे, त्यामुळे काजव्याच्या झाडाखाली मोठ्याने गाणी लावणाऱ्याला गप्प करण्याचा अधिकारही गावाचा आहे. कासच्या पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला 3,000 माणसांची मर्यादा घातली, ऑनलाइन नोंदणी ठेवली, शुल्क घेतले आणि व्यवस्था आसपासच्या गावांच्या समित्यांकडे दिली. तिथेही चुका झाल्या. घातलेले कुंपण पुढे काढावे लागले. तरी मर्यादा घातल्याने पर्यटन मेले नाही, उलट लोक तारीख राखून येऊ लागले. आणि राज्याचे 2020 चे कृषी पर्यटन धोरण? त्याने शेतकऱ्याला केंद्र काढायची वाट दिली, ते चांगलेच. पण त्याचा घटक केंद्र आहे, गाव नाही. एकाच ओढ्यावर वीस केंद्रे झाली तर ओढ्याच्या बाजूने बोलणारे त्यात कोणी नाही.

सर्वांत कडवा आक्षेप गावातूनच येतो. ग्रामपंचायतीच्या हाती हा अधिकार दिला तर काय होईल, म्हणे? निम्म्या गावांत सरपंचच जमिनीचा दलाल, सदस्याचीच पोकलेन मशीन आणि त्याचाच टँकर. आकडा निम्म्याचा असो वा कितीचा, शंका खोटी नाही, मीही ती बाजूला सारणार नाही. पण यातून निघते ते एवढेच की पैसा पंचायतीच्या सर्वसाधारण खात्यात बुडू देऊ नये. त्याची वेगळी वही असावी आणि ती ग्रामसभेत वाचून दाखवावी. नवा कायदा होईपर्यंत थांबायचीही गरज नाही. 1958 च्या ग्रामपंचायत कायद्यात घरपट्टी आहे, स्वच्छता कर आहे, यात्राकरसुद्धा आहे. देवाच्या जत्रेला येणाऱ्यांकडून कर घेता येतो, तर दर शनिवारी भरणाऱ्या या जत्रेने काय पुण्य केले आहे? जिथे कायद्याचे शब्द तोकडे पडतील तिथे ते वाढवायला विधिमंडळ आहे, आणि पुणे, रायगड, ठाणे या तीन जिल्ह्यांच्या आमदारांना हा प्रश्न समजावून सांगायची गरज पडू नये.

15 ऑगस्टला ग्रामसभा असते. सुट्टी, श्रावण, पाऊस. मुळशीच्या रस्त्यावर वर्षातल्या मोठ्या गर्दीचा हा एक दिवस. झेंडावंदन उरकून माणसे शाळेच्या व्हरांड्यात बसतील तेव्हा बाहेर हॉर्न वाजत असतील. त्या दिवशीच्या विषयपत्रिकेत एक ओळ वाढवता येईल: गावात भाड्याने जाणाऱ्या खोल्या किती, त्या कोणाच्या आणि कचरा कुठे टाकतात. पहिल्या वर्षी नुसती मोजणी झाली तरी पुरे. ग्रामसेवकाकडे नमुना 8 ची कर आकारणीची नोंदवही असतेच; तीत हे बंगले शेतघर म्हणून लिहिलेत, राहते घर म्हणून, की लिहिलेलेच नाहीत, एवढे त्या सकाळी सगळ्यांसमोर वाचावे.